नऊ एकांची थप्पी

सटाण्याच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांची थप्पी रचलेली असते. समोरून पाहिले तर कडेला एक गोणी, तिच्या शेजारी दोन, मग तीन आणि मधोमध सर्वांत उंच रांग. पलीकडे पुन्हा तीन, दोन, एक अशी उतरण. हीच थप्पी पाटीवरही रचता येते. १११ ला १११ ने गुणायला घ्या आणि शाळेत शिकवतात तशा ओळी एकाखाली एक, एकेक घर डावीकडे सरकवत लिहा.

१११
१११०
१११००

आता उजवीकडून एकेक रकाना मोजा. पहिल्यात एक, दुसऱ्यात दोन, मधल्यात तीन, पुढे दोन, शेवटी एक. बेरीज १२३२१. चार एक घेतले तर १२३४३२१, पाच घेतले तर १२३४५४३२१. असे करत नऊ एकांपर्यंत जा. अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकराला त्यानेच गुणले की येते

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकांची ही संख्या एकापासून नवापर्यंत चढते आणि नवापासून एकापर्यंत उतरते. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच राहते. तिला नाव आहे ‘डेमलो संख्या’. ते दिले नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत गणित शिकवणाऱ्या एका मास्तरांनी. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. सटाण्याहून देवळाली सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. तरी या संख्येची आणि या माणसाची गोष्ट आपल्या शाळांमधून पुरेशी सांगितली जात नाही. म्हणून ती इथे सांगायची आहे.

मोठी संख्या म्हटली की आज आपण कोटीपाशी थबकतो. आपले पूर्वज थबकत नव्हते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे ओळीने दिली आहेत : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपल्या सतरा अंकी संख्येतला सर्वांत डावीकडचा एक ‘मध्य’ या स्थानावर बसतो. आणखी एक घर पुढे गेले की परार्ध. या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने एक मठ उभारला होता. त्याची नोंद करणारा शके ११२८ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. सटाण्याहून मालेगावमार्गे पूर्वेला निघालो, की आपण त्याच मुलखात शिरतो. गणित इथे परक्या देशातून आलेली विद्या नव्हती.

आकड्यांच्या या थप्पीचा माग ‘लीलावती’हूनही तीनशे वर्षे मागे जातो. नवव्या शतकाच्या मध्यावर, साधारण ८५० मध्ये, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. अमोघवर्षाचा बाप तिसरा गोविंद, ज्याचा ताम्रपट आपल्या जिल्ह्यात वणीला सापडला. नाशिकचा मुलूख तेव्हा याच घराण्याच्या सत्तेत होता. महावीराचार्यांनी गुणाकार शिकवताना काही खास उदाहरणे दिली. त्यांची उत्तरे गळ्यातल्या हारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात, म्हणून त्यांना त्यांनी कंठाभरण म्हटले. त्यातले एक असे :

२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा उतरणारी ही संख्या म्हणजे सहा एकांचा वर्ग. दुसरे उदाहरण १२३४५६७९ गुणिले ९. उत्तर नऊ एक, १११११११११. पहिल्या संख्येत आठ नाही हे वाचकाच्या लक्षात आले असेल. तो आठ कुठे गेला, हे पुढे कळेल. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या विद्यार्थ्याला उत्तर पाहून जो आनंद झाला असेल, तो आनंद हाच अभ्यासाचा आरंभ, हे महावीराचार्यांना ठाऊक होते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाची आवड होती. दत्तात्रय आठ वर्षांचा असताना आई गेली. शाळा ठाण्याला झाली, पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. केंब्रिजला १८९९ मध्ये गणिताच्या परीक्षेत अव्वल ठरून सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्या काळी दिले जाई. स्वतंत्र संशोधनासाठीचे ते पारितोषिक १९२७ मध्ये कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० मध्ये ते देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. बत्तीस वर्षे एकच गाव, एकच पेशा आणि डोक्यात सतत आकडे.

‘डेमलो’ हे एका रेल्वे स्टेशनचे नाव. मुंबईहून तीस मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरचे स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली. या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना कापरेकरांना तिथे सुचली आणि त्या जागेची आठवण म्हणून त्यांनी संख्यांनाच तिचे नाव दिले. आज त्या फलाटावर लोकलच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला ही गोष्ट कुणी सांगितली तर त्याचा विश्वास बसणार नाही. पण गणिताच्या कोशांत हे नाव आहे आणि राहील.

डेमलो संख्येची घडण अशी. संख्येचे तीन तुकडे करायचे. मधल्या तुकड्यात एकच अंक पुन्हा पुन्हा यायला हवा आणि डाव्या-उजव्या तुकड्यांची बेरीजही त्याच अंकाने भरायला हवी. २५५३ घ्या. डावीकडे २, उजवीकडे ३, बेरीज ५, आणि मध्ये ५५. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७, मध्ये ७७७. आता आपली मोठी संख्या घ्या. डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१.

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

दोन कडा मिळवल्या की मधलाच अंक आठ वेळा उभा राहतो. एकांच्या वर्गांतून निघणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी इंग्रजीत ‘वंडरफुल डेमलो नंबर्स’ म्हटले. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांनी या संख्यांच्या सिद्धान्तावर मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात लेख लिहिला. १९४८ मध्ये ‘डेमलो नंबर्स’ ही पुस्तिका देवळालीहून स्वतः छापून काढली. पुढेही त्यांचे बरेचसे लेखन असेच बाहेर आले. शाळामास्तराच्या पगारातून छापखान्याचे बिल भागवायचे आणि पुस्तिका हाताने लोकांना द्यायच्या, हा त्यांचा रिवाजच होऊन बसला.

आता दहावा एक मांडू. नऊ एकांपर्यंत थप्पीच्या एकाही रकान्यात दहा भरत नाहीत, म्हणून हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात आणि हातचा डावीकडे सरकतो. डावीकडच्या रकान्यात नऊ असतात, त्यांचेही दहा होतात. पुन्हा हातचा. त्याच्या डावीकडे आठ होते, त्यांचे नऊ होतात. उत्तर येते

१२३४५६७९००९८७६५४३२१

डाव्या बाजूचा आठ या हातच्याने खाल्ला. महावीराचार्यांच्या १२३४५६७९ मध्ये आठ का नाही, याचेही कारण याच कुळातले. एकाला ८१ ने भागत गेलो की ०१२३४५६७९ हे अंक फिरून फिरून येतात, आणि तिथेही आठवर आलेला हातचा त्याचा नऊ करून टाकतो. दहाव्या एकाने थप्पी मोडली, आरशासारखी सारखी राहणारी रचना गेली. वाटते, गंमत संपली.

ती संपत नाही. या उत्तराचे दोन तुकडे करा. उजवीकडून दहा अंक घ्या, ०९८७६५४३२१. डावीकडे उरले १२३४५६७९०. आता दोन्ही मिळवा.

१२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११

जिथून निघालो ते दहा एक पुन्हा समोर उभे. ज्या संख्येचा वर्ग दोन तुकड्यांत तोडून मिळवला की तीच संख्या परत मिळते, तिला जग ‘कापरेकर संख्या’ म्हणते. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. ५५ चा वर्ग ३०२५, ३० + २५ = ५५. ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ + २०९ = ७०३. कापरेकरांच्या डेमलो संख्यांची साखळी जिथे तुटते, तिथेच त्यांच्या नावाची दुसरी संख्या जन्माला येते.

हे असे का होते, ते आठवीच्या बीजगणिताने दाखवता येते. संख्या न, तिच्या वर्गाचा डावा तुकडा ड, उजवा उ. आपल्या उदाहरणात उजवीकडे दहा अंक आहेत. म्हणजे वर्ग = ड × १०००००००००० + उ, आणि न = ड + उ. वर्गातून न वजा करा. उरते न × (न − १) = ड × ९९९९९९९९९९. तेव्हा न आणि न − १ यांचा गुणाकार नवांच्या त्या संख्येने निःशेष भागला गेला पाहिजे. दहा नऊ म्हणजे दहा एकांची नऊपट. दहा एक आपल्याकडे आहेतच. प्रश्न एवढाच, की न − १, म्हणजे १११११११११०, ला ९ ने भाग जातो का? अंकांची बेरीज नऊ, भाग जातो. काम झाले. नऊ एकांच्या बाबतीत न − १ = ११११११११०, अंकांची बेरीज आठ, भाग जात नाही. म्हणून नऊ एकांची संख्या कापरेकर संख्या नाही, दहा एकांची आहे. पुढे हा योग एकोणीस एकांनी येईल. योगायोग वाटणाऱ्या गोष्टीच्या मुळाशी नियम होता.

हा नियम पुढे मोठ्या गणितज्ञांनाही खुणावत राहिला. २००० मध्ये डग्लस इयानुची यांनी दाखवले, की कापरेकर संख्या आणि ९९…९ या संख्यांचे विशिष्ट विभाजक यांची जोडी जुळते. स्वतः कापरेकरांचा या संख्यांवरचा लेख १९८०–८१ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकात आला, तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडलेले होते.

आपल्या सतरा अंकी संख्येकडे पुन्हा येऊ. तिच्या अंकांची बेरीज ८१. आणि तिला ८१ ने भागले तर बाकी शून्य. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. आठ नसलेली तीच संख्या. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले, हर्ष देणाऱ्या. दोन एकांपासून नऊ एकांपर्यंतच्या वर्गांत असा गुण फक्त दोघींना आहे : १२३२१ ला आणि या शेवटच्या संख्येला. दहा एकांच्या वर्गात तो नाही. तिथे अंकांची बेरीज ८२ होते आणि विषम संख्येला सम संख्येने भाग जात नाही.

कापरेकरांची सर्वांत प्रसिद्ध संख्या मात्र अवघ्या चार अंकांची आहे. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तिच्याविषयी सांगितले आणि पुढे १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकी नियतकालिकात तिच्यावर टिपण लिहिले. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहा :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

६१७४ वर आलो की पुढची प्रत्येक वजाबाकी ६१७४ च देते. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हाच मुक्काम. १९०५ ला पुऱ्या सात लागल्या. ही संख्याही हर्षद आहे : अंकांची बेरीज १८ आणि ६१७४ म्हणजे १८ गुणिले ३४३.

त्यांची आणखी एक देणगी स्वयंभू संख्यांची. ४७ मध्ये तिचे अंक मिळवा, ४७ + ४ + ७ = ५८. म्हणजे ५८ ची जननी ४७. पण २० ला अशी जननी कुठलीच नाही. ती स्वयंभू. १९५९ आणि १९६३ मध्ये त्यांनी देवळालीहून यांवर पुस्तिका काढल्या. १९७० च्या दशकात कोलंबियातल्या एका गणितज्ञाने याच संख्या स्वतंत्रपणे मांडल्या, तेव्हा काही जण त्यांना कोलंबियन संख्या म्हणू लागले. गणिताच्या सूचींत मात्र त्यांचे ‘देवळाली संख्या’ हेही नाव टिकून आहे.

त्या काळच्या अनेक गणितज्ञांना हे सारे क्षुल्लक वाटे. तसे म्हणणारे सगळे अडाणी नव्हते. जी. एच. हार्डी यांच्यासारख्या थोर गणितज्ञाने १९४० मध्ये लिहिले, की काही चार अंकी संख्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असणे ही कोड्यांच्या सदरात शोभणारी गोष्ट आहे, गणितज्ञाला त्यात रस नाही. आक्षेपात तथ्य आहे. अंकांचे हे खेळ दशमान लेखनावर उभे आहेत आणि दुसऱ्या पद्धतीने मोजू लागलो तर यातले बरेच बदलते. पण वर आपण दहा एकांचे पाहिले, ते आधी कोडे होते आणि चार ओळींनी सिद्धान्त झाला. मुलाला सिद्धान्तापर्यंत न्यायचे तर आधी त्याच्या हातात कोडे ठेवावे लागते. आपल्या घरांतून म्हातारी माणसे पावकी, निमकी, दिडकी, औटकी म्हणत, तेव्हा ती नुसता हिशेब शिकवत नव्हती. आकड्यांशी सलगी शिकवत होती. कापरेकरांनी आयुष्यभर तीच सलगी जोपासली आणि ती शोधापर्यंत नेली. त्यांना क्षुल्लक ठरवणाऱ्यांचा निकाल काळाने बदलला आहे आणि तो बदलणे योग्यच होते.

१९६२ मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर ते गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेत आणि कागदावर आकडे मांडत राहिले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात त्यांच्या कामाची ओळख करून दिली आणि देवळालीचे नाव जगभर गेले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाला प्रयोगशाळा लागली नाही, मोठी पदवी लागली नाही. लागला तो कागद, पेन्सिल आणि आकड्यांकडे प्रेमाने पाहत राहण्याचा धीर. सटाण्याभोवतीच्या आपल्या बागलाणातल्या कोणत्याही वस्तीशाळेत या तिन्ही गोष्टी मिळू शकतात. म्हणून शिक्षकांना एक विनंती. येत्या १७ जानेवारीला, कापरेकरांच्या जन्मदिवशी, वर्गातल्या फळ्यावर १११११११११ लिहा आणि त्याचा वर्ग मुलांकडून हाताने करवून घ्या. ओळी नीट सरकवून, रकाने मोजून. १२३४५६७८९८७६५४३२१ हे उत्तर त्यांच्या तोंडून येऊ द्या. मग खडू खाली ठेवा आणि दहावा एक मुलांना मांडू द्या.